भुसवडीला फुलायचं नसतं

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि ओली चादर हातात तशीच राहिली. पाण्याच्या टाकीजवळ, जिथं ऊन दुपारपर्यंत हलत नाही, तिथं कुणीतरी जुनं पांढरं धोतर पसरलं होतं आणि त्यावर पिठाचे ओले गोळे रांगेनं बसले होते. खालच्या मजल्यावरच्या नरसम्माचे वडियालू. तांदळाचं पीठ, जिरं, हिरवी मिरची. आपल्या सांडग्यांचे तेलुगू भाऊबंद म्हणा. मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कावळा कुठं बसलाय ते पाहिलं. हैदराबादेत इतकी वर्षं झाली, पण कावळ्याकडं बघायची कधी वेळ आली नव्हती. आज मात्र मानेनं आणि डोळ्यांनी आपलं आपणच काम सुरू केलं. टाकीच्या कठड्याकडं बघून मी "हाऽड" म्हणाले.

नरसम्मा जिन्यातून वर येत होती. तिला हसू आलं. "कौवा आया क्या?"

"अभी नहीं आया," मी म्हणाले. "लेकिन आएगा."

माझा सगळा स्वभाव त्या वाक्यात आहे.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, सोनपेठच्या अलीकडचं. ज्वारीची रास घरात आली, नवा गहू आला, की बायका म्हणायच्या, उन्हाळी कामं काढायला पाहिजेत. कुरडया, पापड, खारोड्या, शेवया. बाकी गावाला पाडव्याची घाई असायची, आमच्या गल्लीला जयंतीची. जयंतीला पाहुणे येणार, भाषणाला कुणी सर येणार, निळ्या पताका लागणार, आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या पुढं ताटली रिकामी जाऊ नये ही माझ्या मायची एकच काळजी. काळजी करण्याचं वळण मी तिच्याकडूनच घेतलं. तिची काळजी मात्र हातातून निघून जायची. ती गहू भिजत टाकायची.

गहू भिजला की घरात एक आंबूस वास बसतो. रोज पाणी बदलायचं, तरी वास दर दिवशी एक पाऊल पुढं येतो. ओसरीतून मधल्या खोलीत, तिथून अंथरुणात, तिथून दप्तरात. तो वास चांगला की वाईट ते मला अजून सांगता येत नाही. वास आला की परीक्षा आली, एवढं मात्र पक्कं होतं. गणिताचं पुस्तक नाकाशी नेलं तरी भिजल्या गव्हाचा वास यायचा. आता प्रज्ञा, माझी मुलगी, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसते तेव्हा तिच्या खोलीला कसलाच वास नसतो. मला ते चुकल्यासारखं वाटतं. काहीतरी भिजत घालायचं राहून गेलंय असं वाटत राहतं.

मग वाटणं, मग पिळणं. वाटलेला गहू पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा. पांढरं दूध खाली घमेल्यात पडतं, तो चीक. फडक्यात उरतो तो चोथा. चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी शिजवायचा, पोरांना गूळ घालून एकेक वाटी द्यायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या. बाजेवर पसरलेल्या लुगड्यावर पांढऱ्या नक्षीची रांग लागते. बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. चोथ्याकडं कुणी बघत नाही. माय बघायची. चोथ्यात तीळ, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून ती तो चांगला मळायची आणि बोटांनी चपटे चपटे तुकडे बाजेच्या दुसऱ्या अंगाला टाकायची. त्या भुसवड्या. कुरडई पाहुण्यांची, भुसवडी घरची, अशी रीत. कुरडईला कढईभर तेल लागतं, भुसवडीला तेही लागत नाही. संध्याकाळी भाकरी झाल्या की माय चुलीतला आर पुढं ओढायची, त्यावर जाळी ठेवायची आणि भुसवड्या भाजायची. कडकड वाजायच्या. अंधारात कोण खातंय ते आवाजावरून ओळखू यायचं.

कुरडयांचा सोऱ्या आमच्याकडं नव्हता. तो शिवकांता मावशींचा, पितळी. त्यांचं किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. गावातली दुसरी माणसं आमच्याकडून वस्तू परत घेताना ती ओट्यावर ठेवायला सांगायची आणि तांब्याभर पाणी ओतून मग उचलायची. मावशी माझ्या हातातून सोऱ्या घ्यायच्या, तिथंच उन्हात धरून आतली जाळी बघायच्या आणि मायला ओरडायच्या, "काय गं, चीक राह्यलाय की छिद्रांत. पुढल्या साली वास मारंल, मग कोण खाईल तुझ्या हातचं?" माय मान खाली घालून हसायची. तेव्हा मला ते रागावणं वाटायचं. आता कळतं, की रागावताना त्यांनी आमच्यात आणि इतरांत काही फरक केला नव्हता. त्या आता नाहीत. त्यांचं हे देणं कुठं फेडायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी कुणाचंही भांडं परत करताना दोनदा घासते.

त्या साली मी सातवीला होते. गावातली शाळा सातवीपर्यंतच. शेवटचा पेपर आणि कुरडयांचा दिवस एकाच दिवशी आले. मी भीत भीत म्हणाले, "माय, उद्या घालू की." माय घमेल्यातलं वरचं पाणी सांडत होती. म्हणाली, "भिजला गहू थांबत नसतो बाई. आज न्हाई घातल्या तर उद्या टाकून द्यावं लागंल." खरं होतं ते. उन्हाळ्यात चीक दिवसभर राहिला तर हातचा जातो. मी पहाटे उठून तिच्याबरोबर कुरडया घातल्या, हात धुतले, पेपर दिला. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्याला पीठ लागलं होतं. पास झाले.

पुढची शाळा सोनपेठला. सकाळची एसटी गावातून जायची, तिनं जायचं ठरलं होतं. मला शाळेतून कुणी काढलं नाही. "जाऊ नको" असं आमच्या घरात कुणीही म्हणालं नाही. आमच्या घरात तसं म्हणताच येत नाही, भिंतीवरचा फोटो बघत असतो. जून आला, आणि एसटी आली नाही. रस्ता खचलाय म्हणाले, मग फेरी बंद झाली म्हणाले. बाबा म्हणाले, पुढल्या साली बघू. गल्लीतली दुसरी कुठली पोरगी जात नव्हती, एकटी चालत कशी जाणार. पुढल्या सालापर्यंत मला भाकरी थापता यायला लागली, आणि मग ते बघणं राहूनच गेलं. घरी बसलेल्या माणसाला रोज थोडं थोडं कळत जातं की आपण आता घरीच बसलोय.

पुढच्या जयंतीला देवगाव फाट्याकडचे एक सर भाषणाला आले. शिकण्यावर बोलले. फार चांगलं बोलले, मी मागं उभी राहून सगळं ऐकलं. नंतर आमच्या ओसरीत चहाला बसले. मी ताटली घेऊन गेले तर म्हणाले, "कितवीला आहेस गं तू?" मी मायकडं पाहिलं. मग माझ्या हातातली ताटली घेऊन तिनं ती सरांच्या पुढं केली. "घ्या की सर. भुसवडी हाय. घरचीच हाय." सरांनी घेतली. कडकड वाजली. प्रश्न त्या आवाजात बुडाला.

तेव्हापासून मी ते शिकले. कुणी विचारलं, की ताटली पुढं करायची. लग्नाच्या बोलणीत केली. हैदराबादेत आल्यावर प्रज्ञाच्या शाळेतल्या पालकांच्या पुढं केली. माणूस एकदा चावायला लागला, की त्याला पुढचं विचारायचं सुचत नाही.

आणि आता हे यंत्र. ह्यांच्या कंपनीनं दिवाळीला एअर फ्रायर दिला. खोक्यातून काढला, पुसला, परत खोक्यात ठेवला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. अक्षरं लागतात मला, पण अक्षर लागून वाक्य होईपर्यंत पहिलं अक्षर विसरतं. प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, तो बॉम्ब नाही." मी म्हटलं, बॉम्ब नाही हे कुणी सांगितलं. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणी मी फक्त फोनमधल्या फोटोत पाहिलेल्या. बाहेर भेटतात, कँटीनमध्ये बसतात, घरी कधी आल्या नाहीत. मी विचारलंही नाही. न विचारता एक उत्तर मी मनात तयार करून ठेवलं होतं, आणि ते असं होतं की आईला दाखवायला तिला लाज वाटत असणार. राग नव्हता त्यात. मी तिच्या जागी असते तर मलाही वाटली असती, असं म्हणून मी ते उत्तर झाकून ठेवायचे.

मग या मार्चमध्ये, परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागायच्या आधी, ती सहज म्हणाली, "रविवारी संध्याकाळी तिघी येतायत. छोटी पार्टी. बाहेरचं काही मागवू नको, तू काहीतरी कुरकुरीत कर. आयेशा तळलेलं खात नाही."

आठवडाभर मी रात्री उठून उठून डबे उघडून बघत होते.

मायचा डबा नुकताच आला होता. परभणीहून भाचा रेल्वेनं आला, त्याच्याबरोबर. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरून जुनी ओढणी घट्ट बांधलेली. गेल्या उन्हाळ्यातलं सगळं शेवटचं असं माय नवा गहू भिजवायच्या आधी पाठवून देते. वर कुरडया, मध्ये पापड, खाली भुसवड्या. मी विचार केला, कुरडयाच कराव्यात. दिसायला देखण्या. तेल नको तर यंत्र आहे. आयेशालाही चालतील.

यंत्रात कुरडई ठेवली. आत वारा सुरू झाला. दहा वर्षं भिंतीला टांगलेल्या तारेच्या जाळीसारखी ती बाहेर आली. तपकिरी, कडक, होती तेवढीच. फुलली नाही. दात लावला तर दातच दुखला. पापड ठेवला तर तो वाऱ्यानं उडाला आणि वर तापलेल्या सळीला जाऊन चिकटला, घरभर जळका वास. खिडक्या उघडल्या. नरसम्मानं खालून विचारलं, काय झालं. मी म्हटलं काही नाही, नाश्ता करतेय.

मायला फोन लावला.

"काय करायलीस?" ती म्हणाली.

"माय, कुरडई फुलेना."

"कढई तापली न्हाई का?"

"कढई नाही. यंत्र आहे. वाऱ्यावर भाजतं ते. तेल लागत नाही."

माय आधी हसली. मग म्हणाली, "आगं, तेलाबिगर कुरडई कशी फुलंल? तिला बुडवावंच लागतं. येडी का काय. कामून तिच्या मागं लागलीस? भुसवडी टाक."

"भुसवडी फुलेल का पण?"

"तिला फुलायचंच न्हाई. तिला वाजायचंय. तेलाचं बोट फिरव अन् टाक."

हे ती भुसवडीबद्दलच म्हणाली. मायला दुसरं काही म्हणायचं नसतं, आणि तिच्या बोलण्यातून दुसरं काही काढलेलं तिला आवडतही नाही. तरी फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिले.

भुसवड्यांवर तेलाचं बोट फिरवलं आणि टाकल्या. यंत्राच्या आत डोळ्यांना काही दिसत नाही, आर नाही, जाळी नाही, फुंकर नाही. पण थोड्या वेळानं फटीतून तिळाचा आणि लसणाचा तो वास आला. भाकरी झाल्यानंतरचा, अंधार पडतानाचा. मी तव्यापाशी नव्हते, चुलीपाशी नव्हते, एका पांढऱ्या डब्यासमोर उभी होते, आणि मला मागून गल्लीतल्या पोरांचा गलका ऐकू येईल असं वाटलं. यंत्र टिंग वाजलं. एक तोंडात टाकली. कडकड. चुलीवरच्या भुसवडीला धुराची चव असते, ती हिला नव्हती. मी खोटं बोलणार नाही, ती चव मला हवी होती. पण बाकीची सगळी होती.

रविवारी तिघी आल्या. दारात बूट, खोलीत आवाज. मी भुसवड्यांची ताटली, कांदा घालून शेंगदाणे, भाजलेले हरभरे असं सगळं ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर उभी राहिले. आयेशानं भुसवडी उचलली, उलटी सुलटी करून पाहिली, चावली. "आंटी, ये क्या है? भोत मस्त है ये तो."

मी सांगायला लागले. गहू कसा भिजवायचा, पाणी का बदलायचं, चीक कसा खाली बसतो, पिळून काय उरतं. हातानं दाखवत होते. आमच्याकडच्या हिंदीला आणि हैदराबादच्या हिंदीला एकमेकींची ओळख आहे. आमचे आजे जुन्या हैदराबाद राज्यातच जन्मले. बोलता बोलता मी दारातून खोलीत कधी आले ते मला कळलं नाही. एकीनं विचारलं, पाणी बदललं नाही तर काय होतं, तर तेही सांगितलं. तिघी खात होत्या आणि ऐकत होत्या.

आयेशा म्हणाली, "आंटी, आप टीचर हैं क्या?"

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. माझा हात सवयीनं ताटलीकडं गेला. ताटली उचलली, पुढं केली. तिच्यात चार तीळ आणि थोडं तिखट उरलं होतं. ताटलीतल्या भुसवड्या संपल्या होत्या.

रिकामी ताटली हातात धरून मी म्हणाले, "नहीं बेटा. मैं सातवी तक पढ़ी. फिर बस नहीं आई."

खोलीत काही झालं नाही. पंखा फिरत होता. आयेशानं बोटाला लागलेलं तिखट चाटलं आणि म्हणाली, "कौनसी बस, आंटी?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कितवी, असं विचारतात. का सोडली, असं विचारतात. कुठली एसटी, ते कुणी विचारत नाही. मी खाली बसले. लाल एसटी, पुढची काच तडकलेली, पिंपळाखालचा थांबा, खचलेला रस्ता, असं सगळं मी त्यांना सांगितलं. प्रज्ञा उठून आत गेली. मला वाटलं, झालं. मग आतून वारा सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं डब्यातल्या उरलेल्या भुसवड्या यंत्रात टाकल्या होत्या. तेलाचं बोट फिरवलं होतं की नाही कोण जाणे.

त्या गेल्यावर मी पातेलं पुसत होते. प्रज्ञा ओट्यावर चढून बसली. "तुला वाटत होतं ना, मला लाज वाटते म्हणून मी त्यांना आणत नाही?"

"छे. मला कशाला तसं वाटेल?"

"मम्मी, ते पातेलं मघाच कोरडं झालंय."

मी पातेलं खाली ठेवलं.

"मी आणत नव्हते कारण तू आठवडाभर झोपणार नाहीस. आणि कुणी काही विचारलं की प्लेट पुढं करशील. मी लहानपणापासून बघते. मला ते बघवत नाही." मग ती म्हणाली, "आज प्लेट रिकामी होती म्हणून बरं झालं."

मला तिचे आभार मानावेत असं वाटलं. आमच्याकडं पोरीचे आभार मानत नाहीत, म्हणून मी तिच्या हातावर उरलेली एक भुसवडी ठेवली. तिनं ती मोडली आणि अर्धी मला दिली.

तेव्हापासून मला बरंच आठवतं. बरेच जण मला शाळेत नसताना शिकवत होते असं वाटायला लागलंय. सोऱ्याची जाळी उन्हात धरून बघणाऱ्या मावशी. चोथा न फेकणारी माय. ताटली पुढं करून मला वाचवणारी मायच. वाचवताना तिनं मला लपायलाही शिकवलं, पण तिच्याकडं तेव्हा दुसरं होतं काय. त्या सालच्या ओसरीत जाऊन मी तिच्या हातातली ताटली आता काढून घेऊ शकत नाही. घेणारही नाही.

आज गच्चीवरून खाली आले ती नरसम्माचे वडियालू डोळ्यांत घेऊनच. मायला फोन लावला.

"भुसवड्या संपल्या," मी म्हणाले.

"समद्या?"

"सगळ्या. पोरींनी खाल्ल्या."

"अन् कुरडया?"

"कुरडया हायत."

"ऱ्हाऊ दे. सणाला तळ." माय खूश झाली की तिचा आवाज बारीक होतो, तसा झाला. "मग ये की या साली. माझ्या मनगटात आता पिळायला जोर न्हाई. चीक निघतो, पण चोथ्यात लय राहून जातो."

"येते. प्रज्ञाबी येते म्हणायलीय. तिला चोथा पिळायचाय."

"कधी?"

"तू गहू कधी टाकतीस ते सांग, तसं रेल्वेचं बघतो."

तिकडं कोंबडी ओरडत होती, कुणीतरी हापसा हापसत होतं.

"तिची परीक्षा हाय ना?" माय म्हणाली. "आधी पेपर होऊ दे तिचे. समदे होऊ दे. मी गहू भिजतच टाकत न्हाई तवर."